भाईंच्या रेडिओची वाचा गेली

मालवण, दि. १४ नोव्हेंबर १९६२

तीर्थरूप भाई यांस गुरुदासाचा साष्टांग नमस्कार. वहिनींचे गुडघे मुंबईच्या जिन्यांना सरावले असतील अशी आशा करतो. इकडे आम्ही सर्व ठीक आहोत. ठीक नाही तो तुम्ही दिलेला रेडिओ.

दसऱ्यापासून त्याला घरघर लागली. आधी बातम्या गिळू लागला, मग गाणी. मी कुशीवर थाप मारली की चार वाक्ये बोलायचा (विमला म्हणते, शाळेत पोरांना थापटायची सवय मास्तर घरी चालवतात). बॅटरी उन्हात ठेवून पाहिली. छपरावरची एरियलची तार तपासली, तर तिच्यावर विमलेने लुगडे वाळत घातलेले. लुगडे काढले, आवाज आला नाही. शेवटी सेट गोणपाटात गुंडाळून, मांडीवर घेऊन एस.टी.ने कट्टा गावी गेलो. तिथे प्लासिद म्हणून घड्याळे आणि बत्त्या दुरुस्त करणारा आहे. त्याने पाठ उघडली, आत पाहून मान हलवली. "व्हॉल्व गेलो मास्तरानु. मुंबयसून हाडूक व्हयो. नायतर ह्येका निरोप देवा आणि नवो ट्रान्झिस्टर घेवा." तुमच्या हातची वस्तू, निरोप कसा देणार? तसाच परत आणला.

आता खरी काळजी सांगतो. रोज संध्याकाळी समुद्राचा इशारा ऐकायला वाडीतली दहाबारा माणसे आपल्या अंगणात जमतात. गेल्या सोमवारीही जमली. रेडिओ अगदी बारीक बोलत होता, म्हणून मी कान लावून ऐकले आणि सर्वांना सांगितले, समुद्र शांत राहील. मंगळवारी पहाटे वाडीतला तुकाराम मासेमारीला होडी घेऊन गेला. दुपारी वारा सुटला. बाकीच्या होड्या किनाऱ्याजवळच होत्या, त्या परतल्या, त्याची नाही. त्याची बायको हिरा वाळूत उभी होती. मी शेजारी जाऊन उभा राहिलो, तर तिने समुद्रावरची नजर न काढता विचारले, "रेडिओन तसाच सांगल्यान ना, मास्तरानु?" मी होय म्हणालो. बुधवारी दुपारी तुकाराम डोलकाठी मोडलेली होडी वल्हवत आला. पार देवगडच्या बाजूला फेकला गेला होता. माणूस सुखरूप आहे, हाताला फोड आहेत.

तेव्हा दुरुस्ती की नवा, हे तुम्हीच ठरवा. वहिनींना नमस्कार.

आपला
गुरुदास

ता. क. व्हॉल्वचा नंबर प्लासिदने लिहून दिला आहे, चिठ्ठी सोबत जोडली आहे.

ता. क. २. विमला म्हणते, भावाला तरी खरे लिहा. सोमवारी रेडिओ बारीक बोलत नव्हता. मुळीच बोलत नव्हता. एवढी माणसे समोर बसलेली, सेट बंद पडला हे सांगायची लाज वाटली. आभाळ निरभ्र दिसले आणि तोंडातून निघून गेले. तुकारामाला हे कसे सांगू? तुमचा शब्द तो मानतो. चार दिवसांची रजा काढून या आणि मी सांगेन तेव्हा नुसते शेजारी बसा. खरे तर त्यासाठीच हे पत्र.

ता. क. ३. येऊ नका. पाकीट चिकटवण्याआधी विमलेने मला तुकारामाकडे धाडले. सगळे सांगितले. तो जाळे विणत होता, हात न थांबवता म्हणाला, "माका ठावक हुता. रेडिओ बोलता तेव्हा तुमी गप ऱ्हवतास. त्या दिवशी तुमीच बोललास." मग गेलास कशाला, म्हटले. "मी वारो बघून गेलंय, तुमका इचारून न्हय. वाऱ्यान फसयल्यान." मग रोज संध्याकाळी अंगणात येऊन बसता ते कशाला? त्याने जाळ्याची गाठ आवळली. हिराच आतून म्हणाली, "इशाऱ्यामागसून गाणी लागतत मगे."

तेव्हा व्हॉल्वच पाठवा, पण लवकर. माणसे अजून रोज येतात, आणि रेडिओ गप्प असला की माझ्या तोंडाकडे बघत बसतात.