अध्यक्षांच्या निधनाचा मंजूर ठराव १८ जानेवारीपूर्वी रद्द होण्याबाबत

प्रति,
मा. विशेष तपासणी अधिकारी,
ग्रामीण कला संस्था कक्ष,
दुसरा मजला, जिन्यालगत,
आदिलाबाद.

अर्जदार : सुरेंद्र चंपतराव नगराळे, सचिव, मैत्री दंडार व लोककला संस्था, जैनथ मंडल, जि. आदिलाबाद, तेलंगणा.

विषय : संस्थेच्या अध्यक्ष राहीबाई मुनेश्वर यांच्या निधनाबद्दलचा ठराव, त्या हयात असल्याने, वेळेत रद्द होण्याबाबत.

संदर्भ : १) इतिवृत्ताची वही तपासणीस हजर करण्याबाबत आपल्या कक्षाचे पत्र, दि. ११ ऑगस्ट २०२५.
२) वही परत मिळाल्याची पोच, दि. ३ नोव्हेंबर २०२५.
३) सदर वही, पान ४१ ते ४९.

महोदय,

१. मी वरील संस्थेचा सचिव असून पदवीधर आहे. पदवीचा उल्लेख अशासाठी की, पुढे ज्या चुकीची कबुली देत आहे ती अडाणीपणामुळे घडली असा आपला समज होऊ नये. ती शहाण्या माणसांनी, सर्वानुमते, दरवर्षी केलेली आहे.

२. आमची संस्था चौदा वर्षांपासून पैनगंगेच्या काठच्या गावांत दंडार करते. दंडारीत नाच असतो, गाणे असते आणि मध्येच गावातल्या एखाद्या भानगडीवर सोंग असते. संस्था चालवणारी कार्यकारिणी सात जणांची. अध्यक्ष राहीबाई, वय ६७, पूर्वी शेतमजूर, आता सोंगे वठवण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नाही. सदस्य अमरदीप हे शाळेत शिक्षक, सदस्य वामनराव यांचे किराणा दुकान, द्वारकाबाई आणि आणखी दोघे शेतावर राबणारे, सातवा मी. तालमीसाठी ग्रामपंचायतीने आम्हांस कापूस तोलायचे जुने शेड दिले होते. त्या शेडसमोरचा रस्ता तीन वर्षांपूर्वी रुंद झाला. तेव्हापासून आमची कला पाहायला गाडीतून लोक येऊ लागले. ते दंडार पाहत नाहीत. ते शेड पावलांनी मोजतात.

३. आता चूक. संस्थेने दरमहा बैठक घ्यावी असा नियम आहे. पेरणी, निंदण, कापूसवेचणी यांत सात माणसे एका सतरंजीवर येणे शक्य नसते. ती फक्त बुद्धपौर्णिमेला येतात. म्हणून त्या दिवशी खीर खाऊन झाली की आम्ही सातही जण वहीच्या बारा कोऱ्या पानांच्या तळाशी सह्या करून टाकतो. मग वर्षभर जे काही बांधावर, बसस्टँडवर किंवा फोनवर ठरेल ते मी त्या सह्यांच्या वरच्या मोकळ्या जागेत लिहितो. राहीबाई अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माझ्याकडे सही शिकल्या. एका सहीला त्यांना पाऊण मिनिट लागते आणि त्या ती आवडीने करतात. बारा पाने झाल्यावर आणखी आहेत का, असे त्या दरवर्षी विचारतात.

४. आपल्या पत्रानुसार १८ ऑगस्ट रोजी मी वही आपल्या कक्षात रुजू केली. तेव्हा मे, जून व जुलैची पाने लिहिलेली होती व पुढील नऊ पाने सह्यांनिशी कोरी होती. ३ नोव्हेंबरला वही परत मिळाली. नऊच्या नऊ पाने भरलेली होती.

५. अक्षर सुरेख आहे. मराठी शुद्ध आहे, आमच्याहून बरी. आपल्या कक्षात मराठी वाचणारे कोणीही नाही, असे मला दोनदा तोंडी सांगण्यात आले आहे. त्यावर माझा विश्वास आहे. तरीही हा अर्ज मी मराठीत लिहीत आहे, कारण ज्यांनी ती पाने लिहिली त्यांना तो अडचणीशिवाय वाचता यावा. इतरांसाठी तेलुगू तर्जुमा सोबत जोडला आहे.

६. पान ४१, ऑगस्ट. आपल्या कक्षाच्या मार्गदर्शनाबद्दल कार्यकारिणी कृतज्ञता व्यक्त करते. यावर आमची हरकत नाही. पान ४२, सप्टेंबर. तालमीच्या शेडची संस्थेस गरज उरलेली नाही. पान ४३, ऑक्टोबर. शेडची किल्ली खुशीने सुपूर्द करण्यात आली. ही पाने वाचण्याआधीच, २७ ऑक्टोबरला, आम्ही शेडवर दुसरेच कुलूप पाहिले होते. ते कोणाचे याचा शोध आम्ही गावभर घेतला. वहीनुसार ते आम्हीच खुशीने लावू दिले होते.

७. पान ४४ वर तारीख १६ नोव्हेंबर होती. वही हाती आली तेव्हा ती तारीख यायला तेरा दिवस बाकी होते. ठराव असा की, अमरदीप यांचा कौटुंबिक कारणास्तव दिलेला राजीनामा खेदपूर्वक स्वीकारण्यात येत आहे. अमरदीप हसले. राजीनामा द्यायचा त्यांचा काही विचार नव्हता. १४ तारखेला त्यांची बदली बाजारहत्नूर मंडलात झाल्याचा हुकूम आला. १५ला त्यांच्या सासऱ्यांना कोणीतरी फोन करून, जावईबापूंनी दंडारीचा नाद सोडला तर बदलीचा फेरविचार होऊ शकेल, असे प्रेमाने कळवले. त्यांच्या पत्नीने दोन दिवस चूल पेटवली नाही. १६ला त्यांनी राजीनामा आणून दिला. कारण लिहिताना ते म्हणाले, "दादा, खरंच कौटुंबिकच हाय."

८. पान ४५ वर १४ डिसेंबरची तारीख व वामनराव यांच्या दुकानास लागलेल्या आगीबद्दल सहानुभूती होती. वामनराव हे हिशोबी गृहस्थ आहेत. त्यांनी वाळूच्या चार बादल्या भरून ठेवल्या, विजेची जुनी तार बदलली, उदबत्ती लावणे बंद केले. १२ डिसेंबरला भर दुपारी, ते दुकानाचा माल भरायला आदिलाबादच्या बाजारात आले असता, दुकान जळाले. बादल्या जागच्या जागी होत्या. ठरावात पुढे असे वाक्य आहे की, सुदैवाने जीवितहानी झाली नाही. तशी ती झाली नाही, याची नोंद मी येथे प्रामाणिकपणे करतो. वामनरावांनी तेव्हापासून संस्थेचा विषय काढलेला नाही. परवा मी त्यांच्या दारावरून गेलो तेव्हा ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "वहीत माहं नाव आता पुढं कुठं हाय का, तेवढं सांगा. नसन तं रामराम."

९. पुढे त्यांचे नाव नाही. पान ४६ वर राहीबाईंचे आहे.

१०. तारीख १८ जानेवारी २०२६, रविवार. ठराव असा : "संस्थेच्या अध्यक्ष राहीबाई मुनेश्वर यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले. दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून त्यांना आदरांजली वाहण्यात आली." वर अध्यक्षस्थानी म्हणून राहीबाईंचे नाव आहे. खाली उपस्थितांच्या सह्यांत पहिली सही राहीबाईंची आहे. ती खरी आहे. मी ती पाऊण मिनिट उभे राहून पाहिलेली आहे.

११. हा ठराव त्यांना वाचून दाखवावा की नाही यावर आमच्यात मतभेद होते. शेवटी द्वारकाबाईंनी वाचून दाखवला. राहीबाईंनी वही मागून घेतली, सहीवरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "सई तं झ्याक आली बापा." तेव्हापासून गाव त्यांच्याशी फार चांगले वागू लागले आहे. ज्या चुलतभावाशी बारा वर्षे अबोला होता तो डबा घेऊन येतो. आरोग्य केंद्राच्या बाई आठवड्यातून दोनदा रक्तदाब तपासतात. तो माझ्यापेक्षा उत्तम आहे. बसमध्ये त्यांना खिडकीची जागा मिळते. राहीबाईंचे म्हणणे की, एवढी आस्था दाखवली की धडधाकट माणूससुद्धा आजारी पडेल.

१२. मी पोलीस ठाण्यात गेलो. तेथे मला समजावून सांगण्यात आले की, फिर्याद घेण्यास काहीतरी घडलेले असावे लागते, आणि वहीनुसार ते १८ला घडणार आहे.

१३. २९ डिसेंबरला मी आपल्या कक्षात आलो. आपण दौऱ्यावर होता. आपल्या कारकुनांनी मला बसायला खुर्ची दिली, ही गोष्ट मुद्दाम नमूद करतो. त्यांनी नियम सांगितला की, मंजूर ठराव फक्त दुसऱ्या ठरावाने रद्द होतो आणि दुसरा ठराव त्याच वहीत लिहावा लागतो. वहीला पन्नास पाने आहेत. पन्नासाव्या पानावर आपल्या कक्षाचा तपासणीचा शिक्का आहे. नवी वही, जुनी बंद झाल्याशिवाय उघडता येत नाही. जुनी बंद करायची तर पान ४९ पर्यंतचे सर्व ठराव अमलात आलेले असले पाहिजेत. मी म्हणालो, साहेब, हे ठराव आम्ही केलेलेच नाहीत. ते म्हणाले, "साइन आपकीच है ना? फिर झगडा किससे?"

१४. मी उठलो आणि दारापर्यंत गेलो. त्यांच्याशी झालेल्या सगळ्या बोलण्यात मी फक्त 'पान नंबर छियालीस', म्हणजे सेहेचाळीस, एवढेच म्हटले होते. कोणाचे नाव घेतले नव्हते, कशाचा ठराव हेही सांगितले नव्हते. मागून त्यांनी मायेने विचारले, "अम्मा की तबियत कैसी है अब?"

महोदय, त्यांना मराठी वाचता येत नाही.

१५. उरलेल्या तीन पानांबद्दल थोडक्यात. पान ४७, फेब्रुवारी : नवीन अध्यक्ष म्हणून श्री. भूषण यांची एकमताने निवड. आडनाव नाही. आमच्या आसपासच्या गावांत या नावाचे जे दोघे आहेत त्यांपैकी एक नऊ महिन्यांचा आहे. पान ४८, मार्च : संस्था विसर्जित. पान ४९, एप्रिल : "आजच्या बैठकीस कोणीही उपस्थित नव्हते." त्याखाली आम्हा सातही जणांच्या सह्या आहेत. या शेवटच्या पानाचा अर्थ काय, हे विचारायला कार्यकारिणीत कोणी धजत नाही.

१६. सबब विनंती की,

(अ) पान ४६ वरील ठराव १८ जानेवारीच्या आत रद्द करावा;

(आ) ते शक्य नसल्यास तारीख तरी पुढे ढकलावी. दहापंधरा वर्षे चालतील;

(इ) तेही शक्य नसल्यास 'अल्पसा आजार' म्हणजे नेमका कोणता, हे लेखी कळवावे, म्हणजे त्यावरील औषध आगाऊ आणून ठेवता येईल;

(ई) शेडचा ठराव हवा असल्यास तो आम्ही भर बैठकीत, सगळा मजकूर वाचून, आमच्या हाताने लिहून देतो. शेड ज्यांना हवे त्यांनी घ्यावे. कार्यकारिणीत उरलेल्या चार जणांचे यावर एकमत झाले आहे. अध्यक्षांचे झालेले नाही.

१७. अध्यक्षांचे म्हणणे वेगळे आहे आणि ते आपल्यापर्यंत पोचवणे हे सचिव म्हणून माझे कर्तव्य आहे. (ई) त्यांना वाचून दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, "शेड देऊन जीव आनता काय रे? मंग पुढच्या सालाले दुसऱ्याचा जीव ठेवतीन कागदावर." त्यांनी ठरवले आहे की, शनिवार दि. १७ पासून त्या आपल्या कक्षासमोरच्या व्हरांड्यात येऊन बसणार. "मराचं असन तं घरी काऊन मरू? जिथं लिहिलं तिथंच मरतो." रविवारी सकाळी दहाला त्या तेथे दंडारीतले सोंग करणार आहेत. सोंगाचा विषय मी विचारला नाही. सोबत द्वारकाबाई व डफवाले दोघे असतील. पोलिसांनी उठवले तर त्या जिन्यावर बसतील, जिन्यावरून उठवले तर फाटकाबाहेर.

१८. हा अर्ज लिहून झाल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि ती न लिहिणे बरे होणार नाही. जानेवारीत आदिलाबादचा पारा पाचसहा अंशांवर उतरतो. आपल्या व्हरांड्याला उत्तरेकडून भिंत नाही. ६७ वर्षांचे माणूस तेथे एक रात्र बसले तर त्यास अल्पसा आजार होण्यास काहीच अडचण नाही. म्हणजे राहीबाई ठराव हाणून पाडायला निघाल्या आहेत, आणि त्या वाटेवर ठराव त्यांच्यासाठी चटई अंथरून बसला आहे. मी हे त्यांना सांगितले. त्यांनी घोंगडी आणखी एक घेतली.

१९. त्यामुळे आता माझी स्वतःची विनंती, सचिव म्हणून नव्हे. रविवारी कार्यालय बंद असते हे मला ठाऊक आहे. आपण दौऱ्यावर असाल हेही गृहीत धरतो. परंतु तारीख लिहिणारा माणूस ती पाहायला आल्याशिवाय राहणार नाही. तो आला की त्याने अमुक एका बाईचे काय झाले असे लांबून विचारू नये. वर यावे. मी तेथेच, राहीबाईंच्या डाव्या बाजूला बसलेला असेन. आम्हांला त्याच्याशी भांडायचे नाही. त्याचे तोंड एकदा उजेडात पाहायचे आहे.

१८ तारखेपर्यंतच उत्तराची वाट पाहू शकणारा,
आपला,

(सही)
सुरेंद्र चंपतराव नगराळे
सचिव

दि. १२ जानेवारी २०२६, सोमवार

सोबत :
१) पान ४१ ते ४९ च्या झेरॉक्स प्रती.
२) अर्जाचा तेलुगू तर्जुमा.
३) राहीबाई हयात असल्याचा वैद्यकीय दाखला, दि. १० जानेवारी. डॉक्टरांनी 'तपासणीच्या वेळेपुरता' असा शेरा मारला आहे.
४) राहीबाईंचा फोटो, हातात आजचे वर्तमानपत्र धरून. फोटोत त्या हसत आहेत. त्यांना तसे सांगितलेले नव्हते.