नीटनेटकी

दि. १४ मार्च, मंगळवार
संध्याकाळचे सहा

प्रिय ताई,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. गुडघा आता कमी दुखतो हे वाचून बरं वाटलं. भाऊजींना नमस्कार सांग.

आज नऊला दवाखान्यात गेलो. आठ पेशंट पाहिले. अकराला समितीची बैठक झाली. एकला डबा उघडला, अर्धा परत आणला.

समिती म्हणजे आम्ही चार डॉक्टर, त्यात मानसोपचारतज्ज्ञ मी. गरोदरपणाचे बरेच महिने उलटल्यावर कुणी गर्भपाताची परवानगी मागितली, तर ती द्यायची की नाही हे आम्ही ठरवतो. मागच्या आठवड्यात एक बाई आली, पोस्टात काउंटरवर बसणारी. सव्वीस आठवडे. बाळाच्या मेंदूत दोष आहे. ते जगेल का, कसं, हे कुणी छातीठोक सांगत नाही. म्हणून सगळं माझ्या अहवालावर येऊन ठेपलं. हे गरोदरपण पुढे नेलं तर तिच्या मनाला गंभीर इजा होईल का, एवढाच प्रश्न. मी लिहिलं, "वेश नीटनेटका. बोलणं सुसंगत. रडत नाही. घरकाम, नोकरी सुरळीत. धोका दिसत नाही."

आज तिला परवानगी नाकारली.

ती बाहेर बाकावर होती. मला पाहून उठली. "डॉक्टर, मी रडले असते तर मिळाली असती का हो?" मी म्हणालो, "निर्णय समितीचा आहे," आणि जिन्याकडे वळलो.

ताई, एवढंच झालेलं नाही. तपासणीत ती आणखी एक वाक्य बोलली होती. "हात चालतात हो माझे. भाजी चिरतात, शिक्के मारतात. मी त्यांच्यात नसते." ते वाक्य मी कागदावर घेतलं नाही. पेन खाली ठेवलं आणि झोप कशी लागते ते विचारलं.

आमची ही जाऊन तीन महिने झाले. तू फोनवर लहानपणीच्याच नावाने हाक मारून म्हणालीस, "मास्तर, आवाज बरा येतोय. सावरलास." मी हो म्हणालो. पण दर रविवारी मी हिचे दोन ड्रेस कपाटातून काढतो, इस्त्री करतो, परत टांगतो. घालणारं कुणी नाही. त्या बाईचं वाक्य खरं मानलं असतं तर मी समितीच्या खुर्चीत बसायच्या लायकीचा आहे का, हेही विचारावं लागलं असतं. ते टाळायला मी तिला धडधाकट ठरवलं.

परवानगी द्यायला हवी होती का, हे आजही मला सांगता येत नाही. मी तिचं ऐकलं नाही, एवढं सांगता येतं.

अर्ज लिहून ठेवला आहे. माझा अहवाल रद्द करा, तिचं वाक्य नोंदवा, दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडून तिला उद्याच तपासून घ्या, मी समितीतून बाजूला होतो. तिच्याकडे दिवस नाहीत. अध्यक्षबाईंना फोन केला. म्हणाल्या, "नऊला या. तुम्ही बरे आहात ना?" मी नाही म्हणालो. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

आता तू हसशील. उद्याचा शर्ट चुरगळलेला आहे. तसाच गेलो तर म्हणतील, बायको गेल्यापासून बिचाऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही, आणि अर्ज बाजूला ठेवतील. तिच्यासाठी तरी मला नीटनेटकं दिसायला हवं.

इस्त्री तापली आहे. आधी कॉलर करतो.

तुझा,
न सावरलेला मास्तर