थँकफुलबाईंचे चुकीचे वडील

ती. जुलिएटआत्यास कॅनडातल्या स्कारबरोहून गर्शोमचा सादर शालोम.

तुझा गुडघा, गॅलरीतली कढीलिंबाची कुंडी आणि खालच्या मजल्यावरच्या विजयालक्ष्मीबाईंशी धरलेला अबोला, तिन्ही शाबूत असतील अशी आशा करतो. आमचं ठीक. बर्फ पडतो, मी तो फावड्याने शोव्हल करतो, मग सरकारी ट्रक येऊन तोच बर्फ परत माझ्या दारात लोटून जातो. निवृत्त माणसाच्या व्यायामाची इथे फार काळजी घेतात.

ओरितला मात्र (तुझी नात, हल्ली भूक लागली तरच मराठी बोलते) मी बेसमेंटमध्ये बसलेला बघवत नाही. "डॅड, यू नीड अ हॉबी," म्हणून तिने मला लायब्ररीतल्या ॲलिसनबाईंच्या ताब्यात दिलं. या बाईंकडे अमेरिकेतल्या मुलींच्या एका फार जुन्या शाळेचा पट आहे, १८३४ सालचा. त्यातल्या ज्या मुली पुढे कॅनडात आल्या त्यांचं काय झालं, हे आम्ही सात म्हातारे शोधतो. पटात भूगोल, भरतकाम, वर्तणूक असे शेरे आहेत आणि शेवटी बहुतेकींपुढे एकच शब्द, विवाहित. झालं, बाई गायब! पुढे ती मिसेस जॉन अमुक होते आणि कबरीच्या दगडावरही "जॉन यांची पत्नी" एवढीच उरते. मी म्हणालो, काय हे मागासलेले लोक! (मोठ्याने म्हणालो. हे लक्षात ठेव.)

माझ्या वाट्याला आली थँकफुल रसेल पॅकार्ड. (थँकफुल हे नावच आहे. आईबाप कशाबद्दल आभारी होते ते पटात नाही.) आता हे नाव शहाणा माणूस कसं वाचेल? मी गर्शोम आरोन नागावकर, म्हणजे आरोनचा मुलगा. तशी ही रसेलची मुलगी. तीन आठवडे खपून मी रसेल पॅकार्ड हुडकला. त्या शाळेपासून तीस मैलांवरच्या गावात गुत्ता चालवायचा, दोनदा तुरुंगात जाऊन आलेला. मला इतकं भरून आलं म्हणून सांगू! असल्या बापाच्या घरातून पोरगी शिकली काय, सरहद्द ओलांडून आली काय, ऑन्टारिओत शाळा काढली काय! अकरा लोकांसमोर मी हे वाचून दाखवलं. दोनदा आवाज कापला, तो मुद्दाम नव्हे. पहिल्या रांगेतल्या बाईंनी रुमाल काढला.

ॲलिसनबाई म्हणाल्या, "दॅट्स सो इंटरेस्टिंग, गर्शोम." (याचा कॅनडातला अर्थ, सगळं चुकलंय.) मग त्यांनी हळूच सांगितलं की थँकफुलचे वडील एबेनेझर पॅकार्ड. पाद्री. जन्मात थेंबाला न शिवलेले. रसेल हे तिच्या आईचं माहेरचं आडनाव. मुलांच्या नावात मधे ते ठेवायची तिकडे रीत होती. म्हणजे एका सज्जन पाद्र्याची मुलगी मी अकरा साक्षीदारांसमोर भलत्याच्या पदरात घातली होती. परतताना बसमध्ये मला लाज वाटली. मागासलेल्या लोकांनी निदान आईला नावात मधली जागा तरी दिली होती. असो.

बाकी क्षेम. गुडघ्याला तेल लावत जा आणि विजयालक्ष्मीबाईंशी एकदाचं बोलून टाक.

तुझा
गर्शोम

ता. क. पुढच्या महिन्यात लायब्ररीत प्रदर्शन आहे. तिथे प्रत्येकाने आपल्या घरातून शाळेत गेलेल्या पहिल्या बाईचंही नाव लावायचं आहे, लग्नाआधीचं आणि पूर्ण. मी ऐटीत हात वर केला. माझी आजी, मुंबईत अमेरिकन मिशनच्या मुलींच्या शाळेत चौथीपर्यंत! ॲलिसनबाईंनी पेन उघडून नाव विचारलं. ते पेन अजून उघडंच आहे.

आणखी ता. क. आत्या, पणजोबांच्या आजोबांपर्यंतचे सगळे पुरुष मला तोंडपाठ आहेत. नागावला आपल्या तेलाच्या घाण्याला जुंपायचे त्या बैलाचं नाव मोत्या, हेही ठाऊक आहे. आजीला मात्र सगळे बयच म्हणायचे. बयचं नाव काय होतं गं? तुझ्याशिवाय आता ते कुणालाच माहीत नसणार, तेव्हा गुडघा दुखत असला तरी आजच लिहून टाक. कबरीच्या दगडावर बघ, असं मात्र सांगू नकोस. तिथे "सॅम्युएल नागावकर यांची पत्नी" एवढंच आहे. तो मजकूर मीच दिला होता.