गारा आधी की पूर आधी

नांदेड, १२ मे १९८६

ती. बापूंस, सिंधूचा सा. न. वि. वि.

मी बरी आहे. नळाला एक दिवसाआड पाणी येतं, तक्रार नाही.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं होत आली, पण वडगव्हाणवर कोणती संकटं कधी आली हे नव्या जिल्ह्याला ठाऊक नाही. जुने कागद उस्मानाबादेत राहिले, त्याआधीचे हैदराबादेत. नदीच्या नोंदी आमच्या पाटबंधारे कार्यालयात आहेत आणि मी वडगव्हाणची आहे, म्हणून गावाच्या संकटांचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं.

महापूर, गारपीट, टोळधाड यांचा क्रम जाणत्यांना विचारून कळवा. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून कळवा. गोष्टी नकोत, क्रम हवा.

आईच्या गुडघ्यांसाठी तेल पाठवलं आहे. ती ते देवाच्या दिव्यात घालेल. घालू देऊ नका.

लोभ आहेच, उत्तर तेवढं यावं.

आपली,
सिंधू


वडगव्हाण, ता. अहमदपूर, २० मे

चि. सिंधूस बापूचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चावडीवर मोठ्यानं वाचलं. सरकारला आपली संकटं पाहिजेत म्हणल्यावर लोक लई खूश झाले. आजवर कुणी मागितली नव्हती.

क्रमाबद्दल वाद न्हाई. आधी महापूर. त्यात चिंचेच्या झाडावर माझा जन्म झाला. पुढच्या उन्हाळ्यात गारपीट, तेव्हा आपला ग्यानोबा बाजेखाली जन्मला. म्हणून तो चुलतभाऊ असून मला दादा म्हणतो, माझ्या पाया पडतो, आणि पोळ्याला तोरणाखालून आपले बैल पहिले जातात. शेजारचा व्यंकटी पुरातला, त्याची बायको पारूबाई गारांतली. टोळधाड मागाहून.

तुझ्या आईचं माहेर संकटांत धरायचं का, ते कळव. तेल दिव्यात गेलं.

माया हाय तशीच ठेव.

तुझा बापू


नांदेड, २ जून

ती. बापूंस सा. न. वि. वि.

आईचं माहेर धरता येणार नाही. जे दरवर्षी ठरल्या वेळी येतं त्याला हंगाम म्हणतात.

क्रमात अडचण आहे. गारांनी कापसाच्या जिनिंगच्या शेडचे पत्रे ठोकून काढले, असं तुम्हीच सांगायचात. तेच शेड पुरात वाहून गेलं, आणि गाळात सापडलेला पत्रा आजोबांनी आपल्या गोठ्यावर घातला. पूर आधी आला असेल, तर गारा पडल्या तेव्हा शेड नव्हतंच.

पत्रा गोठ्यावर असताना गारा पडल्या असतील, तर वरून खड्डे दिसतील. मार आधीचा असेल आणि आजोबांनी पत्रा उलटा घातला असेल, तर वरून फुगे दिसतील. कुणाला तरी चढवून पाहा. तुम्ही चढू नका.

खड्डे की फुगे, एवढंच लिहिलंत तरी पत्र पूर्ण समजेन.

आपली,
सिंधू


वडगव्हाण, ११ जून

चि. सिंधूस आशीर्वाद.

फुगे हायेत.

तू चढू नका म्हणालीस म्हणून मी ग्यानोबाला चढवला. त्यानंच वरून ओरडून सांगितलं. मग बराच वेळ खाली उतरला न्हाई.

गाव सगळं उलटंपालटं झालंय. पारूबाई नवऱ्यापेक्षा मोठी निघाली. ती आता व्यंकटीला नावानं हाक मारायली आणि तो ओट्यावर एकटा जेवायलाय. धाकट्या जावेच्या पाया पडायची वेळ आली तर तुझी आई माहेरी जाणार हाय, तेही बिनहंगामी. काल ग्रामसभेनं ठराव केला की पूरच आधी आला, पत्रा कारखान्यातूनच फुगून आलता. चार दिवस टँकर आला न्हाई, त्याचं बोलायचं मात्र राहून गेलं.

पोरी, शेत कोरडं पडलं. बैल सरकारी चारा-छावणीला चाललेत. माझ्यापाशी थोरलेपण तेवढं उरलंय. पूर एक वर्ष मागं घे. इतक्या जुन्या पाण्यानं आता कोण भिजणार हाय?

लोभ असावा. नसला तर पूर तरी सरकव.

तुझा बापू


नांदेड, २० जून

ती. बापूंस सा. न. वि. वि.

ठराव लातूरला पोचला. तिथले साहेब विचारतात, त्या साली पाऊस ग्रामसभेला विचारून पडला होता का.

पूर मागं घेता येत नाही. तो वरच्या गावांतून आला होता. त्यांचाही मागं घ्यावा लागेल. गारा आधी, पूर नंतर, असं मी लिहून पाठवलं आहे. तुम्ही रागवाल हे धरूनच पाठवलं.

टँकर सोमवारपासून येईल. मी विचारून घेतलं आहे.

तुमचं पत्र नेहमीसारखं यावं असं मला वाटतं.

आपली,
सिंधू


वडगव्हाण, ९ ऑगस्ट

चि. सिंधूस ग्यानोबाकाकाचे आशीर्वाद.

दादा तुला लिहीत न्हाईत म्हणून मी लिहायलो. ते मला अहोजाहो करायलेत. रस्त्यात दिसलो की बाजूला होऊन वाट देतात. दिवसभर छावणीत बैलांपाशी बसून राहतात.

बाय, मला हे थोरलेपण झेपत न्हाई. लोक भांडणं माझ्या दारात आणायलेत. जन्मभर मी म्हणायचो, दादांना विचारा, आणि निवांत झोपायचो. आता विचारायला माणूसच न्हाई. तू गारा मागंपुढं कर, न्हाईतर मी गारांत जन्मलोच न्हाई असं लिहून टाक. माझी हरकत न्हाई.

पुतणीची माया असू दे, मान नको.

तुझा काका,
ग्यानोबा


नांदेड, १८ ऑगस्ट

ती. स्व. मोठ्या काकांस सा. न. वि. वि.

तुम्ही गारांतच जन्मलात. त्यात बदल होणार नाही.

थोरल्यानं काय करायचं असतं हे आमच्या खात्यात शिकवत नाहीत. पण धाकट्याला छावणीतून उठवून घरी आणायचा अधिकार त्याला असावा, असा माझा समज आहे.

बापूंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी तोंड फिरवलं तरी सांगा.

आपली,
सिंधू


वडगव्हाण, ६ सप्टेंबर

चि. सिंधूस बापूचे अनेक आशीर्वाद.

पोळा झाला. बैल सगळे छावणीत. पण तोरण बांधलं होतं, ते रिकामं कसं ठेवायचं? मालकांनीच घुंगरमाळा गळ्यात घालून खालून जायचं ठरलं. व्यंकटी शिंगांचा रंग कानांना लावणार होता. पारूबाईनं मोठेपणानं नको म्हणून सांगितलं.

मी सगळ्यांच्या मागं उभा राहिलो. ग्यानोबा पहिला. हलगी वाजायला लागली तरी तो हलेना. मग गर्दीतून मागं माझ्याकडं आला. मी रीतीप्रमाणं त्याच्या पाया पडायला वाकलो आणि कंबर तिथंच धरली. त्यानं दंडाला धरून मला उभं केलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "रामकिशन, पुढं हो. मी थोरला हाय, मी सांगायलो."

थोरल्याचा शब्द मोडता येत न्हाई. मी पुढं झालो. माळ वाजवत तोरणाखालून पहिला गेलो. तो माझ्या मागं.

सिंधू, माझी आई गेली तेव्हापास्नं मला नुसत्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. दादा, बापू, मालक, अहो. रामकिशन म्हणून कुणी हाय, हे मीच विसरलो होतो. घरी जाताना ग्यानोबाला म्हणलं, दादा, उद्या सकाळी दारातून अशीच हाक मार. त्यानं मारली. मी मुद्दाम ओ दिली न्हाई. मग त्यानं आणखी एकदा मारली.

पूर हाय तिथंच ऱ्हाऊ दे.

तुझा बापू,
रामकिशन