पूजेतली परक्या बेटाची नोट

मी, संगमेश शिवलिंग पट्टणशेट्टी, वय ५७, संस्कृतचा शिक्षक, राहणार शाहूपुरी, कोल्हापूर. परवा माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डोके ठिकाणावर आहे. पत्नीचे दुमत असल्यास तिने वेगळे लिहून द्यावे. कोणाच्याही दबावाविना पुढील व्यवस्था करतो.

१. घर व बँकेतील ठेवी पत्नी प्रेरणा हिला. पुस्तके मुलगी सुष्मिता हिला. ती वाचावीत अशी अट नाही. मला वास्तव कळते.

२. आजोबा विरूपाक्ष यांची नोट. आजोबा मालवाहू जहाजाच्या भट्टीत कोळसा टाकत. महायुद्धात जहाज बुडाले आणि ते फिलिपिन्सच्या एका बेटावर अडकले. बेट जपान्यांच्या ताब्यात, सरकारी पैसा संपलेला. गावकऱ्यांनी शाळेच्या वह्यांच्या कागदावर स्वतःच नोटा छापल्या; खाली शाळामास्तरांची सही. मागे ना सोने, ना सैन्य. जवळ सापडली तर जपानी मुंडके उडवत. तरी बाजारातली बाई ती नोट पदरात घेऊन आजोबांना तांदूळ घाली. मी जन्मभर शब्दप्रामाण्य, म्हणजे शब्द हाच पुरावा, हे शिकवले. ते जगणारी माणसे त्या बेटावर होती. आठवले की आजही आपोआप हात जोडले जातात.

युद्धानंतर आजोबांनी घरी आणलेली ही नोट आजी गंगव्वाने दर दिवाळीला हळदकुंकू लावून लक्ष्मीपूजनात मांडली. पुढे जुन्या नोटांचा एक व्यापारी ती पाहून म्हणाला, "पावणं, माल लई भारी, पण कुंकवानं घात केला की!" माझा धाकटा भाऊ शशिधर याचे हुपरीत चांदीचे दुकान. त्याने मला न विचारता नोट रिठ्याच्या पाण्यात पैंजणासारखी धुतली. आकडा गेला, शिक्का गेला. मास्तरांची सही तेवढी राहिली.

"आण्णा, मला वाटलं उजळंल," म्हणाला. मी त्याला दारातूनच परत पाठवले. तेव्हापासून अबोला.

३. ती नोट मी शशिधरलाच देतो. आता ती कोणी विकत घेणार नाही, त्यामुळे घरातच राहील. दिवाळीला पूजेत मांडावी. कुंकू नोटेला नव्हे, ती ठेवलेल्या डबीला लावावे. रिठे त्या दिवशी शेजाऱ्याकडे ठेवावेत.

आज त्याला बोलावून हे वाचून दाखवले. त्याने नोटेवरच्या मास्तरांच्या सहीवर बोट ठेवले. मग म्हणाला, "नोट नगं मला. तू बरा होऊन घरी ये की, आण्णा. दिवाळीला तूच मांड."

त्याचे हे बोलणे मृत्युपत्रात बसत नाही, असे वकील म्हणतात. मी ते खोडू दिलेले नाही.

सही: संगमेश शि. पट्टणशेट्टी
कोल्हापूर, २२ सप्टेंबर २०२५

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली:
धम्मपाल कांबळे, शेजारी
उदयसिंह घाटगे, वकील