राजा जिवंत असताना

अकोला, ८ सप्टेंबर २०२५

चि. भावना हिस आबाचे अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

पत्राला तीन आठवडे उशीर झाला, त्याची आधी माफी दे. रोज लिहायला बसत होतो, पण तुझं नाव लिहून झालं की हात थांबायचा. फोन केला असता, पण मला नीट ऐकू येत नाही, आणि तू मोठ्याने बोललीस की तुझं बोलणं माझ्याआधी समोरच्या शालूबाईंना कळतं.

तुझी आई बरी आहे. माझं बीपी गोळीवर चाललं आहे. काळजी करू नको, माझी एकट्याची घराला पुरते.

त्या रविवारी तुझा बुद्धिबळाचा सामना पाहायला अमरावतीला आलो, ते चुकलंच. गप्प बसायचं एवढं एकच काम होतं. पण तुझा हत्ती शिल्लक, तीन प्यादी शिल्लक, आणि तू घड्याळ थांबवून समोर खेळणाऱ्या मुलीशी हात मिळवलास. माझ्याकडून ओरडल्या गेलं की पोरी, राजा जित्ता हाये, काहून उठून राहिली. सगळा हॉल वळला. पंचांनी मला दंडाला धरून बाहेर नेलं. रागात मी तसाच अकोल्याला निघून आलो.

परवा शालूबाईंनी मोबाइलवर त्या स्पर्धेचा निकाल काढला. शाळेत शिकवतात, इंग्रजी येतं. तिसऱ्या डावात तुझ्या नावापुढे रिझाइन, चौथ्यात फॉरफिट. मला समजेना, तेव्हा त्यांनी हरण्याचे सगळे इंग्रजी शब्द कॅलेंडरच्या मागे लिहून दिले. डिफीट म्हणजे समोरच्याने हरवलं. रिझाइन म्हणजे आपणहून हार मानली. फॉरफिट म्हणजे खेळायला हजरच नव्हता. आमच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या ओट्यावर एकच शब्द होता, मात. ती होईपर्यंत कोणी उठत नसे. मधेच उठणं म्हणजे समोरच्याचा अपमान.

बाकीचे शब्द मी सोसले. फॉरफिट सोसवत नाही. चौथा डाव दोन वाजता होता. तू कुठे होतीस? माझ्या लाजेने खेळ सोडून निघून गेलीस काय? शालूबाई म्हणतात, आबा, पोरीले विचारा न, मले काय विचारता. म्हणून विचारतो. दसऱ्याला येणार नाही असं आईला कळवलंस, तेही यामुळेच काय?

दोन ओळी लिही. रागाच्या असल्या तरी चालतील.

तुझा आबा,
शेषराव

---

राजापेठ, अमरावती, १६ सप्टेंबर २०२५

ती. आबांस भावनाचा सादर जय भीम. वि. वि.

पत्र मिळालं. खोलीतल्या माधवीने माझ्याआधी वाचलं, कारण पाकिटावर तुम्ही ठळक अक्षरात 'खासगी' लिहिलं होतं. ती म्हणते, तुझे आबा लय गोड भांडतात.

मी सांगणार नव्हते, पण तुम्ही भलतंच मनात घेतलं म्हणून सांगते. तुम्ही गेलात आणि खुर्चीवर तुमची पिशवी राहिली. आत बीपीच्या गोळ्या आणि कानाचं यंत्र. ऐकू न येणारा माणूस, डोक्यात राग आणि राजापेठची गर्दी. पंचांना सांगून मी निघाले. आधी राजापेठचा स्टँड पाहिला, मग ऑटोने मोठ्या स्टँडवर गेले. अकोल्याच्या प्रत्येक गाडीत चढून पाहिलं. एका कंडक्टरला विचारलं, पांढऱ्या टोपीचे म्हातारे बाबा दिसले का, तर तो म्हणे, बाई, माह्या गाडीत सारे तसेच हायेत. परत आले तेव्हा वीस मिनिटं उशीर झाला होता. पंधरा मिनिटांचा नियम आहे. गुण समोरच्या मुलीला गेला आणि विद्यापीठाच्या संघातली माझी जागा अर्ध्या गुणाने हुकली. संध्याकाळी आईने तुम्ही पोचल्याचं कळवलं, तेव्हा कुठे मी जेवले. पिशवी मीच अकोल्याच्या गाडीच्या ड्रायव्हरजवळ दिली होती. हॉलवाल्यांनी पाठवली असं तुम्ही समजलात, मी समजू दिलं.

आबा, रिझाइन म्हणजे पळून जाणं नाही. 'तुला जे दिसलं ते मलाही दिसलं, तू चांगली खेळलीस' असं समोरच्या मुलीला सांगणं आहे. नऊ चालींत मात होती. तुम्ही पाहिली नव्हती, मी पाहिली होती.

ओरडलात याचा राग नाही. पण आता डाव बिघडला की मला तुमचाच आवाज ऐकू येतो. सरावात मेलेले डाव तासन्‌तास ओढत बसते, उठताच येत नाही. म्हणून पट माधवीच्या कपाटात ठेवून दिला आहे. आता नाही खेळणार. घरी आले तर तुम्ही पट मांडाल, म्हणून दसऱ्याला येत नाही.

गोळ्या वेळेवर घ्या. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
भावना

---

अकोला, २५ सप्टेंबर २०२५

चि. भावना हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तू स्टँडवर मला शोधत होतीस, तेव्हा मी बडनेऱ्याला रेल्वे स्टेशनच्या बाकावर बसून तुझ्यावर रागावलो होतो. ते आठवलं की घास उतरत नाही. तुझी आई म्हणते, आता उपाशी राहून गुण परत येते काय.

एक सांगायचं राहून गेलं होतं. जिनिंगच्या ओट्यावर आपल्या माणसांना पाहू देत, पण खेळू देत नसत. मी सहा वर्षं उभं राहून पाहिलं. सातव्या वर्षी एक गडी आला नाही म्हणून मला बसवलं. त्या दिवशी ठरवलं, सोंगट्या उचलेपर्यंत जागा सोडायची नाही. हरलो तरी बसून हरायचं. मला बसायलाच इतकी वर्षं लागली की उठायचं कसं ते कधी शिकलोच नाही. तुला चाली शिकवल्या, त्यांच्यासोबत ही भीतीही दिली. तुला तिची गरज नव्हती, तुला तर नाव पुकारून बसवतात.

मागच्या रविवारी इथल्या वाचनालयात, तिथलं काम पाहणाऱ्या खुशालरावशी घड्याळ लावून खेळलो. घोडा गेला, वजीर अडकला. उठायचं ठरवलं, पण हात पुढे जाईना. मात होईपर्यंत बसलो. दुसऱ्या डावात पुन्हा तसंच झालं, तेव्हा कसाबसा हात पुढे केला. खुशालराव घाबरला, म्हणे, शेषराव, बीपी वाढलं काय. मी म्हटलं, नाही गड्या, हरलो. काही वाईट घडलं नाही. त्याने चहा मागवला.

बारा ऑक्टोबरला त्याच वाचनालयात खुली स्पर्धा आहे. खुशालरावकडून दोन फॉर्म आणले. एक माझ्या नावाने भरून दिला. मी सगळे डाव हरणार हे पक्कं आहे. पण वेळेवर जाईन, गप्प बसेन आणि डाव गेला की आपणहून उठेन. दुसरा फॉर्म कोरा आहे. तुझं नाव मी लिहिणार नाही, ते तूच लिहायचं. नाही लिहिलंस तर नुसती बघायला ये, खुर्ची धरून ठेवतो. पट मांडणार नाही, शब्द देतो.

फॉर्म भरून द्यायची शेवटची तारीख ४ ऑक्टोबर आहे, पण तू हो म्हणालीस तर खुशालराव जागा धरून ठेवील, नाव तू आल्यावर लिही. टपालाचा भरवसा वाटत नाही, म्हणून शालूबाईंच्या मोबाइलवर नुसतं हो किंवा नाही एवढं तरी कळव. त्या कितीही वाजता माझं दार वाजवतील, मी कानाचं यंत्र लावूनच बसलो आहे.

वाट पाहणारा,
तुझा आबा