आगीच्या नळाचे भेरूजी

१० फेब्रु. ९५
घ्या! आता आगीच्या नळाला टेकून गाडी लावली तरी चालेल. नळाजवळची 'गाडी खडी न करें'ची पाटी आज शिडी लावून काढून नेली. व्यापाऱ्यांची ओरड होती म्हणे, गिऱ्हाईक हल्ली गाडीतून येतं, त्याने जायचं कुठे? आमचे पार्षद, म्हणजे नगरसेवक, पेढे वाटत होते. मी विचारलं, आग लागली तर बंबवाला पाइप कुठे जोडणार? हसले. "अरे कानडेजी, अब तो पूरा देश खुल गया, आप वहीं के वहीं."
पेढा तोंडातच कडू झाला.

१३ फेब्रु.
घराखाली रजईवाल्या गुप्ताचं रुईचं गोदाम. वर मी आणि आई. आईला अर्धांग, खाटेवरून हलत नाही. जिना हा असा, चिंचोळा. माझी सगळी नोकरी मिलच्या कापसात गेली, रुई कशी पेटते ते मला कोणी शिकवायला नको. मिल बंद पडली, पण धुराचा वास अजून आधी मलाच येतो.
नळाला चिकटून व्हॅन. हटव म्हटलं तर, "अंकल, अब अलाउड है."
थू.

१९ फेब्रु.
हे लोक कायद्याला भीत नाहीत, देवाला भितात. जिन्यात कोणी थुंकू नये म्हणून देवाच्या टाइल लावतातच की. पहाटे नळाला तेलात कालवून शेंदूर फासला, पुढे नारळ ठेवला. माळव्यात शेंदूर दिसला की भेरूजी, आपला भैरोबा! आईला सांगितलं. खूप हसली. तोंड एकाच बाजूने हसतं तिचं.

२१ फेब्रु.
जागा मोकळी! व्हॅनवाला लांबूनच हात जोडून गेला.

४ मार्च
करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. भेरूजींना ओटा बांधला. सिमेंट पार्षदांचं, टाइल गुप्ताच्या. पाइप जोडायचं तोंडच आत गाडलं गेलं. मी ओरडलो तर गुप्ता म्हणतो, "भगवान को खुले में कैसे रखें, भिया?"
आणि पेटली तर आधी त्याच्याच गोदामाची रुई. अकलेचे कांदे.

१३ मार्च
दुपारी गोदामात आग. गुप्ताच्याच माणसाची बिडी. बंब आला, पण टाकीत पाणी थोडं. बंबवाला घण घेऊन ओट्याकडे धावला, तर बायकापुरुष आडवे आले. "जूते उतार के, भिया!" आणि त्या बिचाऱ्याने खरंच बूट काढले! तोवर बादल्यांनी विझली. एकच गासडी पेटली होती म्हणून. वर आई खोकून खोकून निळी पडली होती, मला एकट्याला ती उचलवेना. नुसता हात धरून बसलो.
खाली आलो तर नारळ फुटतायत. भेरूजींनी वाचवलं म्हणे.
किळस आली सगळ्यांची. माझी जास्त.

२१ मार्च
पार्षद आणि गुप्ता घरी. रविवारी ओट्यावर भंडारा, सगळ्या गल्लीला जेवण, आणि मी चार शब्द बोलायचे. "सपना तो आपको ही आया था ना, कानडेजी?" भेरूजी माझ्या स्वप्नात आल्याचं कोणी पसरवलं देव जाणे. पार्षदांची दांडगी पोरं जिन्यात उभी. मी 'नाही' म्हणू शकलो नाही. 'बघू' म्हटलं. भेकड, दुसरं काय.

२५ मार्च, शनि.
भंडारा उद्या. भट्ट्या लागल्या आहेत, गोदामाच्या दाराला लागूनच!
आईला विचारलं, काय बोलू? ती लगेच, "खरं सांग. शेंदूर तू फासलास, सांग. ओटा फोडा म्हणावं." मी उठलो तर हात ओढून म्हणाली, "पण आधी मला महूला, सुमीकडे पोचव."
खरंच आहे, बहिणीकडेच न्यायला हवं. मी तसं बोलल्यावर या गल्लीत आम्हाला कोण ठेवणार? आणि खाट जिन्यावरून उतरवायला चार माणसं लागतात. संध्याकाळी गल्लीत विचारून आलो, आजच उतरवाल का? चौघंही आनंदाने तयार झाले, हातातलं पीठ झटकत.
म्हणाले, भंडारा आटपू द्या, मग लगेच.